तपासतो कोण, पाठीशी कोण

मराठी वाचकाला ‘फिजिशियन असिस्टंट’ समजावून सांगायला बसलं की मध्ये कंपाउंडर येतो. फळीमागे उभा राहून पुड्या बांधणारा, मिक्श्चरच्या बाटलीला डोसांची कागदी पट्टी चिकटवणारा, डॉक्टर व्हिजिटला गेलेले असले तर ‘एवढं दोन दिवस घ्या, मग बघू’ म्हणत गोळ्या हातावर ठेवणारा, आणि पुढेमागे शेजारच्या गावात स्वतःचीच पाटी लावणारा कंपाउंडर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिला आहे. त्यामुळे डॉक्टर नसलेला माणूस रोगी तपासतो म्हटलं की आपली मतं आधीच ठरलेली असतात. कुणाला त्यात गोरगरिबांचा आधार दिसतो, कुणाला भोंदूगिरी. या पुस्तकातला माणूस दोन्हीत बसत नाही. तो रीतसर शिकलेला आहे, त्याने परीक्षा दिली आहे, त्याच्याकडे परवाना आहे. पण तो डॉक्टर नाही. तरीही सर्दी-खोकल्यापासून मधुमेहापर्यंत जे काही दारात येईल ते तो तपासतो, औषध देतो किंवा पुढे पाठवतो. अमेरिकेत अशी माणसं आज दीड लाखाहून जास्त आहेत. त्यांना तिथे सरसकट ‘पीए’ म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणू.

पीएच्या हातची सेवा डॉक्टरच्या सेवेइतकी चांगली असते का, असं गेली साठेक वर्षं विचारलं जातं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे आणि ते ‘हो’ असं आहे. उरलेला अर्धा भाग फारसा कुणी तपासलाच नाही, आणि प्राथमिक उपचारांत रोग्याचं बरंवाईट होतं ते नेमकं तिथेच.

सुरुवात नॉर्थ कॅरोलायनातली. गारलंड नावाच्या लहानशा गावात डॉ. एमस जॉन्सन हे एकटे डॉक्टर. त्यांनी बडी ट्रेडवेल या कृष्णवर्णीय मदतनिसाला हाताशी धरून एकेक काम शिकवलं. हळूहळू दवाखान्यातला बराच भार ट्रेडवेल पेलू लागला, आणि जॉन्सनना गावाबाहेर जाऊन वैद्यकीय संघटनेची कामं करण्याइतकी सवड मिळाली. पुढे ते देशातल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षही झाले. तिकडे डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड औषधवैद्यक विभागाचे प्रमुख होते. जॉन्सनच्या दवाखान्याची गोष्ट त्यांच्या कानावर होती. शिवाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉक्टरकीचा अभ्यासक्रम तीन वर्षांत आटोपताना त्यांनी स्वतः पाहिला होता. घाईने शिकवलं तरी माणसं शिकतात, हे त्यांना ठाऊक होतं.

स्टेड यांनी पहिला डाव परिचारिकांवर लावला होता. थेल्मा इंगल्स या परिचर्येच्या प्राध्यापिकेबरोबर त्यांनी अनुभवी नर्सेससाठी वरच्या पातळीचा अभ्यासक्रम आखला, पण नर्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली. नर्सला छोटा डॉक्टर करणं त्या व्यवसायाला तेव्हा नको होतं, आणि त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. मग स्टेड यांची नजर नौदलातून बाहेर पडलेल्या वैद्यकीय सैनिकांकडे वळली. जहाजावर डॉक्टर नसताना जखमा शिवलेली, ताप-जुलाब सांभाळलेली ही मुलं सैन्य सोडलं की नागरी जीवनात कुठल्याच कामाला ‘पात्र’ ठरत नव्हती. १९६५ साली अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांतले तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले.

त्याच १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे स्वतः रोगी तपासून उपचार करणाऱ्या नर्सचा, पहिला वर्ग सुरू केला. म्हणजे ड्यूकमध्ये नर्सिंगने नाकारलेली वाट नर्सिंगनेच दुसऱ्या गावी उघडली. आणखी चार वर्षांनी, १९६९ मध्ये, सिएटलला डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी ‘मेडेक्स’ नावाचा प्रयोग केला. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो हाच. स्मिथ यांनी ‘पीस कोअर’ या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून नायजेरियात काम केलं होतं. डॉक्टर नसलेल्या मुलखात नुसती माणसं तयार करून सोडली तर काय होतं हे त्यांनी पाहिलं असावं. म्हणून त्यांनी आधी खेड्यातले एकेकटे, कामाने वाकलेले डॉक्टर गाठले, आणि शिकाऊ माणसाला वर्गातल्या काही महिन्यांनंतर थेट त्यांच्यापैकी एकाच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. कोण कुणाच्या हाताखाली काम करणार, हे अभ्यासक्रमातच ठरलेलं असे. पुढे देशभर कॉलेजं निघाली, परीक्षा आली, पदव्युत्तर पदवी आली. आज पीए होण्यासाठी पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षं लागतात, त्यात सुमारे दोन हजार तास प्रत्यक्ष रोग्यांसोबत जातात. स्मिथ यांनी पाडलेली जोडी लावण्याची प्रथा मात्र विरळ होत गेली.

आता गुणवत्तेकडे येतो. या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला जुना प्रयोग कॅनडातल्या बर्लिंग्टनचा, १९७१-७२ सालचा. वॉल्टर स्पिट्झर आणि डेव्हिड सॅकेट हे त्याचे कर्ते. सॅकेट पुढे पुराव्याधारित वैद्यकाचे आद्य पुरुष म्हणून ओळखले गेले. दोन डॉक्टरांच्या दवाखान्यातली सोळाशेच्या आसपास कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली: दोन भाग डॉक्टरांकडे, एक भाग दोन नर्स प्रॅक्टिशनरांकडे. वर्षभरानंतर दोन्हीकडच्या लोकांचं आरोग्य सारखंच होतं. तीनांतल्या दोन भेटींत नर्सबाईंना डॉक्टरला बोलवावंच लागलं नाही, हा आकडा पुढे सगळीकडे मिरवला गेला. मला त्यातल्या तिसऱ्या भेटीत जास्त रस आहे. त्या भेटीत बाईंना कळलं की हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि शेजारच्या खोलीत डॉक्टर होता. प्रयोग यशस्वी झाला तो या दोन्ही गोष्टींमुळे.

त्यानंतर अभ्यासांचा ढीग झाला. अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाने १९८६ मध्ये तोवरचा पुरावा चाळला आणि आपल्या कामाच्या मर्यादेत पीए आणि नर्स प्रॅक्टिशनर यांची सेवा डॉक्टरांच्या तोडीची असते, असा निर्वाळा दिला. २०१८ मध्ये माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतल्या ३ लाख ६८ हजारांहून अधिक मधुमेही रोग्यांची पाहणी झाली. त्यांचा मुख्य उपचारकर्ता डॉक्टर होता, नर्स प्रॅक्टिशनर होती की पीए, यावरून साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत लक्षात घ्यावा असा फरक पडला नव्हता. एवढ्या मोठ्या संख्येपुढे ‘अर्धवट शिकलेली माणसं’ वगैरे बोलणं टिकत नाही, आणि ते सोडून दिलेलं बरं.

मात्र हे आकडे वाचताना दोन गोष्टी मनाशी धराव्या लागतात. एक तर, चिठ्ठ्या टाकून रोगी वाटलेले चांगले प्रयोग बहुतांशी नर्सेसवर झालेले आहेत. पीएंवर तसे प्रयोग फार थोडे. दोन्ही व्यवसायांचे पुरस्कर्ते एकमेकांचा पुरावा बिनदिक्कत वापरतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माजी सैनिकांच्या त्या रुग्णालयांत सगळे पगारी, सगळ्यांसमोर एकच संगणकीय केसपेपर, तपासणी राहिली तर पडद्यावर आठवण देणारी एकच यंत्रणा, तेच औषधांचे नियम आणि त्याच इमारतीत डॉक्टर. अशा ठिकाणी तिघांचे आकडे जुळले तर श्रेय तिघांच्या हुशारीला द्यायचं की इमारतीला? मी इमारतीला जास्त देईन. आणि त्यात पीएचा काही अपमान आहे असं मला वाटत नाही, कारण डॉक्टरच्या यशातलाही बराच वाटा त्याच इमारतीचा असतो.

शिवाय मोजलं काय, तर साखर आणि बीपी. निदान झालेलं आहे, औषध ठरलेलं आहे, आकडा खाली आणायचा आहे. प्राथमिक उपचारांतला हा मोठा आणि कंटाळवाणा भाग, आणि पीए तो उत्तम करतो. कित्येकदा घाईत असलेल्या डॉक्टरपेक्षा निवांत बसून, जास्त समजावून. इंग्लंडमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात पीएची एक भेट डॉक्टरच्या भेटीपेक्षा पाच-सहा मिनिटं जास्त चालत होती, तरीही खर्च कमी होता, आणि त्याच तक्रारीसाठी दोन आठवड्यांत परत येणाऱ्यांचं प्रमाण सारखंच होतं. मात्र पीएकडे येणारे रोगी वयाने लहान आणि कमी गुंतागुंतीचे होते, हेही त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे. चांगला दवाखाना रोग्यांची अशी वाटणी करतोच, करायलाही हवी.

उरतो तो अजून नाव न मिळालेला आजार. ‘दोन दिवसांपासून बरं वाटत नाही’ असं म्हणत कुणीतरी समोर बसतं. शंभरांतल्या नव्वदाहून अधिक जणांना काही विशेष झालेलं नसतं. उरलेल्यांत कुणाला क्षय असतो, कुणाला हृदयविकाराची सुरुवात, कुणाच्या पोटात कर्करोग. शंभर साध्या माणसांतून तो एक ओळखणं हे फॅमिली डॉक्टरचं खरं कसब, आणि ते मोजणं महाकठीण. चूक क्वचितच होते, उशिरा उघडकीला येते आणि दुसऱ्याच रुग्णालयाच्या कागदांत सापडते. हजार-दोन हजार भेटींच्या अभ्यासात ती दिसतच नाही.

लंडनमध्ये २०२२ साली तीस वर्षांची एक तरुणी पोटरी दुखते, धाप लागते म्हणून आपल्या नेहमीच्या दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला पीएने तपासलं. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली होती, हे ओळखलं गेलं नाही आणि ती वारली. आपल्याला तपासणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती, याची तिला कल्पना नव्हती. तिला वेळेवर तातडीच्या विभागात पाठवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं मृत्युचौकशीत निष्पन्न झालं. अशी चूक डॉक्टरच्या हातूनही होते, हे खरं आहे, आणि एका मृत्यूवरून व्यवसायाला फाशी देऊ नये हेही खरं. पण या घटनेनंतर इंग्लंडने जे वादळ पाहिलं त्याचं मूळ तिच्या आधीच्या हिशेबांत होतं. २०१९ पासून सरकार फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांना वाढीव मनुष्यबळासाठी वेगळा निधी देत होतं. त्या पैशातून पीए नेमता येत होता, औषधतज्ज्ञ नेमता येत होता. डॉक्टर नेमता येत नव्हता. २०२४ च्या उत्तरार्धात ती अट सैल होईपर्यंत नोकरी न मिळालेले फॅमिली डॉक्टर आणि त्यांच्या खुर्चीत पीए असं विचित्र दृश्य तिथे दिसत होतं. डॉक्टरच्या जोडीला आणलेला माणूस डॉक्टरच्या जागी बसला, तो त्याच्या महत्त्वाकांक्षेमुळे नव्हे, तर खजिन्याच्या नियमामुळे.

२०२५ च्या जुलैत या वादावर सरकारने मागवलेला प्राध्यापक जिलियन लेंग यांचा अहवाल आला. पीएंना हटवावं किंवा आहे तसंच चालू द्यावं, यांपैकी कशासाठीच पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी लिहिलं. मग शिफारशी केल्या त्या व्यवस्थेबद्दल: ज्या रोग्याचं काहीच निदान झालेलं नाही त्याला पीएने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीबाहेर पहिल्यांदा तपासू नये, नव्या पीएने आधी किमान दोन वर्षं रुग्णालयात काम करावं, मग प्राथमिक सेवेत यावं, रोग्याला समोर कोण बसलं आहे ते गणवेशावरून, बिल्ल्यावरून कळावं. पीएंच्या संघटनेला हे अन्यायाचं वाटलं. मला पहिली शिफारस जरा ढोबळ वाटते, कारण दारात येणारा रोगी निदान कपाळावर लिहून आणत नाही आणि वाटणी करणारी स्वागतिका तर डॉक्टरही नसते आणि पीएही नसते. पण बोट त्यांनी बरोबर जागी ठेवलं आहे.

भारतात हे सगळं नवं नाही. पीए या नावाने पाहिलं तर १९९२ साली चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदयशस्त्रक्रियेसाठी असे सहायक शिकवायला सुरुवात केली. पण तिथे सर्जन टेबलापलीकडे उभा असतो, म्हणून ते या पुस्तकात जवळजवळ नाहीत. आपला खरा वारसा एल.सी.पी.एस. डॉक्टरांचा. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ही पदविका घेऊन महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत दवाखाने थाटलेल्या माणसांना लोक डॉक्टरच म्हणत, आणि एम.बी.बी.एस.वाले जरा नाक मुरडून बघत. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी तीस हजारांच्या आसपास असेच परवानाधारक होते. समितीने ती पातळी बंद करून एकाच प्रकारचा पूर्ण शिकलेला ‘मूलभूत डॉक्टर’ घडवायचं ठरवलं. समितीतल्या काही सदस्यांनी विरोधी मत नोंदवलं, ते मागे पडलं. हेतू उदात्त होता, पण तो मूलभूत डॉक्टर खेड्यात गेला नाही आणि मोकळ्या झालेल्या जागेवर कंपाउंडर बसला.

छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून ती पातळी परत आणायचा प्रयत्न केला. २००८ मध्ये तो बंदही पडला. तोवर शिकून निघालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक प्राथमिक आरोग्य केंद्रांत लागले. पुढे त्यांची तुलना एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी झाली, तेव्हा नेहमीच्या आजारांत त्यांचं कौशल्य जवळपास तेवढंच भरलं. ही परीक्षा कागदावरच्या रोग्यांची होती, हे ध्यानात ठेवायचं. कारण मध्य प्रदेशात आणि दिल्लीत अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवून तयार केलेले खोटे रोगी खऱ्या दवाखान्यांत पाठवले, तेव्हा चित्र फार वेगळं दिसलं. पदवीवाले आणि बिनपदवीवाले यांच्यातला फरक थोडाच, आणि दोघांची पातळी लाजिरवाणी. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत सरासरी भेट चार मिनिटांचीसुद्धा नव्हती. माणसाला येतं काय आणि तो करतो काय, यांत केवढं अंतर असतं ते त्यातून कळलं. पश्चिम बंगालच्या बीरभूममध्ये अशाच बिनपदवीच्या वैद्यांना नऊ महिने शिकवून पाहिलं. २०१६ मध्ये निकाल आले. त्यांचे उपचार सुधारले, पण गरज नसताना औषधं देण्याची सवय तशीच राहिली. नऊ महिन्यांत ज्ञान वाढलं; पोट ज्या धंद्यावर चालतं तो धंदा बदलला नाही.

आणि मग गडचिरोली. तिच्याबद्दल मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की इथे एकाच बाजूकडे लक्ष वेधतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ३९ गावांतला नवजात मृत्युदर तुलनेतल्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. जगाने त्यात आरोग्यदूत बाईची थोरवी पाहिली, आणि ती आहेच. पण त्या बाईच्या पाठीशी काय होतं ते पाहा: ठरावीक लक्षणांची यादी, न्यूमोनियासाठी श्वास मोजायला मण्यांचं साधं यंत्र, ठरलेल्या तारखांच्या घरभेटी, पाठोपाठ येऊन नोंदी तपासणारा पर्यवेक्षक, आणि चुकलं तर विचारायला एक ओळखीचा डॉक्टर. सरकारने २०११ मध्ये या कामाचा सांगाडा आशाताईंकडे दिला. घरभेटी घेतल्या, वजनकाटा घेतला. इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती दिलं नाही. सरकारची भीती मला समजते. इंजेक्शन देणं सोपं आहे. त्यामागचा पर्यवेक्षक देशभर उभा करणं सरकारला झेपणारं नव्हतं.

आता आपल्याकडे उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. २०१८ नंतर नर्सिंग किंवा आयुर्वेद झालेल्यांना सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम देऊन ही जागा भरली गेली; महाराष्ट्रात मोठ्या संख्येने बी.ए.एम.एस. झालेले तरुण-तरुणी तिच्यावर आले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यातल्या कलम ३२ ने अशा लोकांना मर्यादित परवाना देण्याची वाट उघडली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने ३१ जुलैला देशभर बंद पाळला. त्या भांडणात दोन्ही बाजूंनी पदवीवरच बोललं गेलं. उपकेंद्रातल्या मुलीला दुपारी तीन वाजता छातीत दुखणारा माणूस समोर आला तर ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर पलीकडून कोण बोलतं, किती वेळात बोलतं, तिने लिहून दिलेली चिठ्ठी तालुक्याच्या रुग्णालयात कुणी वाचतं का, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं हे तिला कुणी कळवतं का, यावर फारसं बोलणं झालं नाही.

हे अधिकारी कामगिरीवर आधारित मोबदला घेतात, म्हणजे त्यांच्या कामाची मोजणी दरमहा होतेच. वेळेत वर पाठवलेले रोगी, वेळेत मिळालेला सल्ला आणि परत आलेली चिठ्ठी, एवढे तीन रकाने त्या तक्त्यात वाढवायला वेगळा निधी लागत नाही. पुढच्या प्रकरणांत अमेरिका, इंग्लंड आणि भारत असे तिन्हीकडचे अनुभव येतात. वाचकाने ते याच तीन रकान्यांत भरत जावेत. काही प्रकरणांत रकाने कोरे राहतील, आणि अमेरिकेच्या प्रकरणांत ते सर्वांत जास्त कोरे राहतील.